स्नॅपशॉट उडवले, तरी जागा का सुटत नाही?

व्हॉल्यूम (स्टोरेजमधला डेटाचा कप्पा) ९८ टक्के भरलाय, वापरणाऱ्यांनी ५०० जीबीच्या फायली डिलीट केल्या, तरी आकडा तसाच. स्टोरेज सांभाळणाऱ्याला हे कोडं नवीन नसतं: फायली गेल्या, पण त्यांचे ब्लॉक (डेटाचे छोटे तुकडे) स्नॅपशॉटने, म्हणजे डेटाच्या एका क्षणाच्या गोठवलेल्या चित्राने, धरून ठेवलेत. मग कुणीतरी घाईने दोन-चार स्नॅपशॉट उडवतो आणि तरीही काही फरक पडत नाही. हे दुसरं कोडं जास्त महागात पडतं, कारण त्या घाईत हटकून नको तोच स्नॅपशॉट हाताला लागतो.

खाली जे आहे ते नेटॲप कंपनीच्या स्टोरेजवर चालणाऱ्या ऑनटॅप या सिस्टिमला धरून आहे. दुसऱ्या कंपन्यांच्या पेट्यांमध्ये नावं आणि आकडे बदलतील. कमांड मुद्दाम फोनवर सांगावी तशी देवनागरीत लिहिली आहे. टाइप अर्थातच इंग्रजीत करायची.

ऑनटॅपच्या पोटात वॅफल नावाची फाइल सिस्टिम आहे आणि ती ४ केबीच्या ब्लॉकमध्ये काम करते. एखाद्या ब्लॉकमधला डेटा बदलला तर ती जुन्या जागेवर लिहीत नाही. मोकळ्या जागी नवीन ब्लॉक लिहिते आणि बोट (डेटा कुठे आहे ते दाखवणारा पत्ता) तिकडे वळवते. जुना ब्लॉक जिथल्या तिथे राहतो. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी कुठली बोटं कुठे वळलेली होती याची नोंद, आणि त्या जुन्या ब्लॉकना हात लावायचा नाही अशी ताकीद. १९९४ मध्ये वॅफलचं पहिलं जाहीर वर्णन आलं, तेव्हा प्रत्येक ब्लॉकमागे ३२ बिटांची एक नोंद होती: एक बिट चालू फाइल सिस्टिमसाठी, बाकीच्यांतले काही स्नॅपशॉटसाठी, आणि एका वेळी जास्तीत जास्त २० स्नॅपशॉट. आज ही मर्यादा एका व्हॉल्यूमला १०२३ आहे (ऑनटॅप ९.४ च्या आधी २५५ होती). पण तेव्हाचा नियम आजही समजायला सगळ्यात सोपा आहे: सगळे बिट शून्य झाले तरच ब्लॉक मोकळा. एकाने जरी धरला असेल, तरी नाही.

याचा फायदा असा की स्नॅपशॉट घ्यायला क्षणभर पुरतो आणि त्यानंतरच्या लिहिण्यावर बोजा येत नाही. जुन्या पद्धतीच्या, आधी कॉपी करून मग लिहिणाऱ्या स्नॅपशॉटमध्ये पहिल्यांदा बदलणाऱ्या प्रत्येक ब्लॉकमागे एक वाचन आणि दोन लेखनं लागतात. लिनक्समधल्या साध्या एलव्हीएम (डिस्कची जागा वाटणारी सोय) स्नॅपशॉटला तर राखलेली जागा भरली की तो स्नॅपशॉटच बाद होतो. वॅफलमध्ये स्नॅपशॉट बाद होत नाही. तो ठाण मांडून बसतो आणि व्हॉल्यूम भरतो.

आता ते दुसरं कोडं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार असे रोज रात्रीचे चार स्नॅपशॉट आहेत. १०० जीबीची एक फाइल रविवारपासून होती, शुक्रवारी सकाळी उडवली. चारही स्नॅपशॉट तिच्या ब्लॉकना धरून आहेत. सोमवारचा काढा, काही सुटत नाही. मंगळवारचा काढा, नाही. तिसरा काढा, तरी नाही. चौथा गेल्यावर १०० जीबी एकदम मोकळे. म्हणजेच यादीत एखाद्या स्नॅपशॉटसमोर दिसणारा आकार आणि तो एकटा काढल्यावर सुटणारी जागा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादी आकारानुसार लावून वरचे तीन उडवायचे ही सवय इथेच फसते.

त्यासाठी नेमकी कमांड आहे: व्हॉल्यूम स्नॅपशॉट कंप्युट-रिक्लेमेबल. तिला काढायच्या स्नॅपशॉटांची नावं स्वल्पविराम देऊन एकत्र द्यायची. हे सगळे मिळून गेले तर किती सुटेल ते ती सांगते. मोठ्या व्हॉल्यूमवर तिला वेळ लागतो, तो द्यावा. दोन स्नॅपशॉटांच्या मध्ये किती डेटा बदलला हे हवं असेल तर शो-डेल्टा आहे. अचानक फुगवटा कुठल्या रात्री आला ते शोधायला ती फार उपयोगी पडते: ओळीने शेजारशेजारच्या जोड्या तपासत जायचं, एखादी जोडी बाकीच्यांच्या दहापट निघते.

आणखी एक. डिलीटची कमांड लगेच परत आली म्हणजे जागा लगेच आली असं नाही. ब्लॉक मोकळे करण्याचं काम मागे चालू राहतं. पाच मिनिटांत आकडा हलला नाही म्हणून पुढचा स्नॅपशॉट उडवू नका.

रात्री व्हॉल्यूम भरलाच तर

आधी ॲग्रीगेटमध्ये (व्हॉल्यूम ज्यातून जागा घेतात त्या डिस्कच्या साठ्यात) जागा आहे का बघा. असेल तर व्हॉल्यूम वाढवा. त्याला काही सेकंद लागतात आणि नंतर परत लहानही करता येतो. काढलेला स्नॅपशॉट परत येत नाही. ॲग्रीगेटच भरत आलं असेल, तरच स्नॅपशॉटांकडे वळा, आणि तेव्हाही रिक्लेमेबलचा आकडा हातात घेऊन. नावात तारांकन वापरून एकदम बरेच काढायचे असतील तर तोच नमुना आधी शो कमांडला द्या, यादी डोळ्यांखालून घाला आणि मगच शोच्या जागी डिलीट लिहा.

नाव "स्नॅपमिरर" या शब्दाने सुरू होत असेल तर हात लावू नका. दुसऱ्या साइटवर जाणाऱ्या प्रतीचा तो पाया आहे. स्रोत आणि डीआर (संकटात वापरायची ती दुसरी साइट) या दोन्हींकडे सारखा असलेला एकही स्नॅपशॉट उरला नाही, तर फरक पाठवायला आधारच राहत नाही आणि सगळा व्हॉल्यूम पुन्हा पहिल्यापासून पाठवावा लागतो. १०० एमबीपीएसच्या लाइनवर २० टीबी पाठवायचे म्हणजे, लाइन पूर्ण मिळाली तरी, अठरा-एकोणीस दिवस. तेवढे दिवस डीआर नाही. जागा वाचवायला निघालेल्या माणसाला हा सौदा कुणी आधी सांगत नाही.

"बिझी" असं उत्तर आलं तर स्नॅपशॉटचा मालक कोण ते फील्ड्समध्ये ओनर्स मागून बघा. बहुतेक वेळा स्नॅपमिरर तरी असतो किंवा क्लोन. चाचणीसाठी कुणीतरी फ्लेक्सक्लोन (स्नॅपशॉटवर आधारलेली, लिहिता येणारी प्रत) काढलेला असतो, चाचणी संपलेली असते आणि क्लोन तसाच पडून असतो. क्लोन आपल्या आईच्या स्नॅपशॉटवर उभा असतो, त्यामुळे तो असेपर्यंत तो स्नॅपशॉट जाणार नाही. इलाज दोन: क्लोन काढून टाका, किंवा स्प्लिट करा, म्हणजे आईपासून वेगळा करा. स्प्लिट केल्यावर मात्र क्लोनला बऱ्याचदा स्वतःची पूर्ण जागा लागते, आणि जागेच्याच टंचाईत तो मार्ग बहुतेक वेळा बंदच असतो.

रिझर्व्हचा गणिती भाग

नव्या व्हॉल्यूममध्ये ५ टक्के जागा स्नॅपशॉटसाठी राखलेली असते. १० टीबीचा व्हॉल्यूम असेल तर वापरणाऱ्याला साडेनऊ दिसतात. हा रिझर्व्ह कुंपण आहे, पण एकाच बाजूने: चालू फायली त्यात शिरू शकत नाहीत, स्नॅपशॉट मात्र बाहेर येऊन फायलींची जागा खातात. म्हणून जागा दाखवणाऱ्या डीएफ कमांडच्या आउटपुटमध्ये स्नॅपशॉटची ओळ १४० टक्के दाखवते आणि नवा माणूस चक्रावतो. त्यात बिघाड काही नाही. रिझर्व्ह कमी पडला एवढंच.

किती ठेवायचा? दिवसाला २ टक्के बदल म्हणजे १० टीबीवर २०० जीबी. १४ दिवस ठेवायचे तर २.८ टीबी, म्हणजे २८ टक्के. पाच टक्क्यांत हे बसत नाही हे कागदावरच दिसतं. पण हा हिशेब तासातासाच्या स्नॅपशॉटांना सरळ लावू नका. एकच ब्लॉक दिवसभरात २४ वेळा बदलला, तर रोजच्या स्नॅपशॉटमध्ये त्याची एकच जुनी प्रत अडकते आणि ताशी स्नॅपशॉटांमध्ये २४ प्रती. डेटाबेसच्या व्हॉल्यूमवर हा फरक फार मोठा निघतो, फाइल शेअरवर जाणवतही नाही. शो-डेल्टाने आठवडाभर मोजा, त्यात एक महिनाअखेर येऊ द्या. मार्च अखेरचा आठवडा मिळाला तर उत्तमच. लन (सर्व्हरला डिस्क म्हणून दिलेली जागा) असलेल्या व्हॉल्यूमवर रिझर्व्ह शून्य ठेवून व्हॉल्यूमच मोठा घेण्याची पद्धत आहे आणि ती बरी आहे.

फुगवटा आणणारे काही नेहमीचे यशस्वी कलाकार आहेत. लनवर विंडोजचं डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं): डेटा तोच, पण हललेला प्रत्येक ब्लॉक स्टोरेजच्या लेखी नवा. रोज रात्री त्याच व्हॉल्यूमवर पडणारा आणि दुसऱ्या दिवशी पुसला जाणारा डेटाबेसचा डंप: १४ दिवस ठेवलात तर १४ डंप. व्हर्च्युअल मशीनच्या स्वॅप फायली, विंडोजची पेजफाइल, एसक्यूएल सर्व्हरची तात्पुरत्या कामाची टेंपडीबी: यांचा जुना डेटा कुणालाच कधी नको असतो. त्यांना वेगळा व्हॉल्यूम द्या आणि त्यावर स्नॅपशॉट पॉलिसी (कधी घ्यायचे, किती ठेवायचे याचा नियम) "नन" ठेवा. डीडुपचंही (सारख्या ब्लॉकची एकच प्रत ठेवण्याच्या सोयीचं) भान ठेवा. स्नॅपशॉटने धरलेल्या ब्लॉकची दुसरी प्रत डीडुपने सोडवली, तरी ती जागा स्नॅपशॉट जाईपर्यंत मोकळी होत नाही. म्हणून आधी डीडुप, मग रात्रीचा स्नॅपशॉट, हा क्रम बरा. उलट लावला की बचतीचा आकडा कित्येक दिवस उशिरा दिसतो.

आणि एका रात्रीत स्नॅपशॉटची जागा नेहमीच्या कितीतरी पट वाढली असेल, डंप किंवा डीफ्रॅग असं काही कारणही सापडत नसेल, तर काही उडवायच्या आधी फायली उघडून बघा. रॅन्समवेअर (खंडणीसाठी फायली कूटबद्ध करणारं सॉफ्टवेअर) फाइल नव्याने लिहितं तेव्हा स्टोरेजला ते असंच दिसतं. तेव्हा जुने स्नॅपशॉट हेच तुमच्या हातातलं सर्वस्व असतं.

पॉलिसी

मूळ "डीफॉल्ट" पॉलिसी सहा ताशी, दोन रोजचे आणि दोन साप्ताहिक स्नॅपशॉट ठेवते. ताशी दर तासाच्या पाचव्या मिनिटाला, रोजचा रात्री १२ वाजून १० मिनिटांनी, साप्ताहिक रविवार लागताच मध्यरात्री १२ वाजून १५ मिनिटांनी. सहा तास आणि दोन दिवस म्हणजे शुक्रवारी दुपारी उडवलेली फाइल सोमवारी सकाळी फक्त साप्ताहिकांत मिळाली तर मिळाली, तीही आदल्या रविवारी अस्तित्वात होती असं धरून. ती शुक्रवारीच गेलेली होती, त्यामुळे मिळेल ती आदल्या रविवारची. फाइल शेअरसाठी २४ ताशी, १४ रोजचे आणि ४ साप्ताहिक यापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. मग मोजमापानुसार कमीजास्त.

क्लस्टरचा टाइमझोन बघून घ्या. तो यूटीसी राहिला असेल तर रात्री १२:१० चा स्नॅपशॉट भारतात पहाटे ५:४० ला पडतो, म्हणजे रात्रीची बॅच संपल्यावर. मग "बॅच सुरू व्हायच्या आधीची स्थिती" जेव्हा हवी असते, तेव्हा ती कुठेच नसते. पॉलिसीत सगळं बरोबर दिसतं आणि चूक सापडत नाही.

पॉलिसी बदलतानाचा खरा सापळा वेगळा आहे. स्नॅपशॉट नावाच्या सुरुवातीवरून ओळखले जातात: ताशी, रोजचे, साप्ताहिक. नव्या पॉलिसीत ती सुरुवात नसेल तर जुन्या पॉलिसीचे स्नॅपशॉट आता कुणाचेच राहत नाहीत. ते आपोआप कधीच जात नाहीत. उलट सुरुवात तीच आणि संख्या कमी असेल तर जास्तीचे जातात. कमांड चालवताना ही सूचना समोर येते, आणि बहुतेक जण वाय दाबून पुढे जातात. पॉलिसी बदललीत की त्याच दिवशी अनाथ झालेल्यांची यादी काढा आणि त्यांची मुदत कॅलेंडरमध्ये लिहा.

हाच नियम उलटा वापरताही येतो. उद्या फिरतीत जाणारा एखादा स्नॅपशॉट हवा असेल तर त्याचं नाव बदला. शेड्युल त्याला विसरतं. पण मग तो तुमच्या गळ्यात. हाताने घेतलेल्या आणि नाव बदललेल्या प्रत्येक स्नॅपशॉटच्या नावातच कारण, तिकीट क्रमांक आणि काढायची तारीख टाका. "अपग्रेडच्या आधी" किंवा "टेस्ट१" असं नाव दोन वर्षांनी कुणालाही काढायची हिंमत होत नाही, आणि तोवर त्याने काही टीबी धरून ठेवलेले असतात.

वॉल्टवर (स्नॅपशॉट जास्त काळ साठवणाऱ्या दुसऱ्या स्टोरेजवर) जास्त दिवस ठेवायचं तर स्नॅपमिरर लेबल लागतं. स्रोताच्या पॉलिसीतलं लेबल आणि मिररच्या पॉलिसीतल्या नियमाचं लेबल अक्षरन्‌अक्षर सारखं हवं. एकाकडे "डेली" आणि दुसऱ्याकडे "रोज" असेल तर त्या नियमाखाली काहीच जात नाही आणि कुठे लाल दिवाही लागत नाही. नातं निरोगीच दिसतं. लावल्यावर दोन दिवसांनी पलीकडच्या बाजूला लॉगिन करून स्नॅपशॉट प्रत्यक्ष मोजा.

ऑटोडिलीट (जागा संपत आली की स्नॅपशॉट आपोआप काढणं) सुरू करावं का? करावं, पण ऑटोसाइझला (व्हॉल्यूम आपोआप वाढवण्याला) पहिला नंबर देऊन: स्पेस मॅनेजमेंट ट्राय-फर्स्टमध्ये व्हॉल्यूम-ग्रो. वाढीला कमाल मर्यादा घाला, नाहीतर एक व्हॉल्यूम सगळं ॲग्रीगेट खाईल. ऑटोडिलीट कधी जागं होतं हे व्हॉल्यूमच्या आकारावर ठरतं: २० जीबीपेक्षा लहान असेल तर ८५ टक्क्यांना, १ टीबीच्या पुढे ९८ टक्क्यांना. मूळ सेटिंगमध्ये ते जुन्यापासून सुरू करतं आणि २० टक्के जागा मोकळी होईपर्यंत थांबत नाही; १० टीबीवर ते २ टीबी होतात, म्हणजे एका झटक्यात सगळा इतिहास जाऊ शकतो. हा आकडा मोठ्या व्हॉल्यूमवर ५ ते ८ पर्यंत खाली आणा. कमिटमेंट (कुठवर काढायची मुभा आहे ते) "ट्राय"च राहू द्या. "डिसरप्ट" मिररचे स्नॅपशॉटही काढतं, "डिस्ट्रॉय" त्याच्याही पुढे जातं.

परत आणताना

एक फाइल हवी असेल तर काही खास करायला नको. एनएफएसवर (लिनक्सकडच्या शेअरवर) डॉट-स्नॅपशॉट फोल्डर, विंडोजवर प्रॉपर्टीजमधला प्रीव्हियस व्हर्जन्स टॅब. वापरणारा स्वतः आणू शकतो. बॅकअप, अँटीव्हायरस, आरसिंक यांना मात्र ते फोल्डर वगळायला सांगा, नाहीतर तीच फाइल ४० वेळा वाचली जाते.

संपूर्ण व्हॉल्यूम मागे नेणारी व्हॉल्यूम स्नॅपशॉट रिस्टोअर ही कमांड काही सेकंदांत काम करते आणि म्हणूनच भीतीदायक आहे. ज्या स्नॅपशॉटवर गेलात त्याच्यानंतरचे सगळे स्नॅपशॉट जातात, चालू डेटाही जातो. बुधवारवर गेलात आणि कळलं की मंगळवार हवा होता, तर मंगळवार आहे. पण गुरुवार हवा होता असं कळलं तर तो गेलेला असतो. त्यामुळे आधी त्या स्नॅपशॉटवरून फ्लेक्सक्लोन काढा, माउंट करा, डेटा बघा. क्लोनला जागा जवळजवळ लागत नाही. लनचा क्लोन त्याच होस्टला दिलात तर दोन डिस्कवर एकच ओळख येते: एक्सएफएस असेल तर माउंटला नोयूयूआयडी हा पर्याय, एलव्हीएम असेल तर व्हीजीइंपोर्टक्लोन, व्हीएमवेअर असेल तर डेटास्टोअरची सही नवी करावी लागते.

लनचा नुसता स्नॅपशॉट म्हणजे चालू सर्व्हरची वीज गेल्यावर डिस्कवर जे उरेल ते. चांगला डेटाबेस त्यातून उठतो, पण डेटा आणि लॉग वेगळ्या व्हॉल्यूमवर असतील आणि दोन स्नॅपशॉट चार सेकंदांच्या अंतराने पडले असतील, तर भरवसा धरू नका. ऑनटॅप ९.१० पासून कन्सिस्टन्सी ग्रुप (एकाच क्षणी स्नॅपशॉट पडणाऱ्या व्हॉल्यूमचा गट) थेट ऑनटॅपमध्येच करता येतात. असे व्हॉल्यूम एकाच ग्रुपमध्ये ठेवा. ओरॅकल डेटाबेसला हॉट बॅकअपमध्ये (चालू असतानाच बॅकअप घ्यायच्या स्थितीत) घालत असाल तर क्रम असा: बिगिन बॅकअप, डेटा व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट, एंड बॅकअप, लॉग स्विच करून अर्काइव्ह, मग अर्काइव्ह लॉगच्या व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट. लॉगचा आधी घेतलात तर शेवटचा लॉग त्यात नसतो आणि डेटाबेस उघडताना तोच मागतो. एंड बॅकअप विसरणारी स्क्रिप्ट सगळ्यात वाईट: बिगिननंतर स्नॅपशॉट फसला की ती तिथेच मरते आणि टेबलस्पेस (डेटा फायलींचा गट) बॅकअप मोडमध्येच राहते. मध्ये काहीही फसलं तरी एंड बॅकअप चाललीच पाहिजे, अशी स्क्रिप्ट लिहा. लिनक्सवर फाइल सिस्टिम गोठवणाऱ्या एफएसफ्रीझ कमांडला हेच लागू: गोठवलंत तर उलट्या स्विचने सोडवायची जबाबदारीही तुमची, आणि ज्या फाइल सिस्टिमवर तुमचाच शेल चालतो ती गोठवू नका.

कुलूप

स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतात, त्यामुळे बऱ्याच डिस्क एकदम गेल्या किंवा ॲडमिनचा पासवर्ड चोरीला गेला तर त्यांचाही निकाल लागतो. पहिल्याला उत्तर म्हणजे दुसरी साइट. दुसऱ्यासाठी ऑनटॅप ९.१२ पासून स्नॅपशॉटला कुलूप लावता येतं: आधी कंप्लायन्स क्लॉक (हाताने मागेपुढे करता न येणारं घड्याळ) सुरू करायचं, व्हॉल्यूमवर स्नॅपशॉट लॉकिंग चालू करायचं, पॉलिसीत मुदत द्यायची. मुदत संपेपर्यंत तो स्नॅपशॉट ॲडमिनलाही काढता येत नाही, ऑटोडिलीटलाही नाही, आणि त्यामुळे तो व्हॉल्यूमही काढता येत नाही. म्हणून मुदतीत दिवसांऐवजी वर्षं टाइप झाली तर ती चूक वर्षानुवर्षं पोसावी लागते. पॉलिसी आधी एका रिकाम्या, छोट्या व्हॉल्यूमवर एका दिवसाच्या मुदतीने लावा, पडलेल्या स्नॅपशॉटची एक्स्पायरी वाचा, दुसऱ्या दिवशी तो खरंच काढता येतो का बघा, आणि मगच ती खऱ्या व्हॉल्यूमवर न्या.